ढोलाचा दाखला

आमच्या देशात ढोलाला नागरिकत्व मिळतं. माणसाचं म्हणाल तर ते फाइलीवर अवलंबून असतं. उगाच म्हणत नाही मी, तो दाखला माझ्या हातात होता. त्यावर सोनेरी शिक्का होता आणि खराब होऊ नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चिकटवलेलं होतं.

मी क्रुसिता, ग्वायुबिनची, म्हणजे हैतीच्या सीमेलगतच्या डोमिनिकन गावातली. चाळीस वर्षं अकॉर्डियन वाजवते. लग्न असो, बाप्तिस्मा असो, कोंबड्यांची झुंज असो की उमेदवाराची सभा, सिबाओ भागाच्या या टोकाला नाचायला मेरेंगे हवं असलं की लोक माझ्याकडे येतात. माझा धाकटा भाऊ बिएन्वे ग्विरा वाजवतो, म्हणजे भोकं पाडलेल्या पत्र्याच्या नळ्यावर तारांचा काटा खरवडतो. त्याला दुसरं काही येत नाही आणि हेही तो अर्ध्या झोपेत करतो. ढोल मोनचा. पूर्ण नाव तेलेमोन पिए. तो ढोल मांडीवर आडवा घेऊन एका तोंडावर काठी आणि दुसऱ्यावर तळहात मारायला लागला की बसलेली माणसं उठतात, आणि उठलेली पहाटेपर्यंत बसत नाहीत. माझ्या अकॉर्डियनचं लोक कौतुक करतात खरं, पण नाचतात ते मोनच्या हातावर. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मोनच्या पोरीला, युलेसीला, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता म्हणून मी हातात धरलं होतं. तेव्हापासून तो मला कोमाद्रे म्हणतो आणि मी त्याला कोम्पाद्रे. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या नात्याहून वरचं असतं. सख्ख्या भावाला मी दिवसातून चार वेळा शिव्या घालते, कोम्पाद्रेला अजून एकदाही घातलेली नाही.

मोनचा जन्म एस्पेरान्साच्या ऊसमळ्यातल्या मजूरवस्तीचा. बाप सादियेल ऊस तोडायला सीमेपलीकडून आला होता. आला म्हणजे ट्रक भरून आणला होता, आपल्याच लोकांनी, साखर गोड लागते म्हणून. मोनने हैती कधी पाहिलं नाही. त्याची भाषाही त्याला चार शिव्या आणि एक अंगाईगीत एवढीच येते. अठराव्या वर्षी त्याला ओळखपत्र मिळालं, ते त्याने दोनदा बदलूनही घेतलं. तिसऱ्यांदा गेला तेव्हा वरून हुकूम आला होता की परक्यांच्या पोटी जन्मलेल्यांची कार्डं नीट तपासा. खिडकीतल्या बाईंनी कार्ड घेतलं, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि म्हणाल्या, "तपासून कळवतो." त्याला सहा वर्षं झाली. ड्रॉवर अजून तपासतोच आहे.

कार्ड नाही म्हणजे काय, ते ज्याच्याकडे आहे त्याला कळत नाही. सान्तियागोच्या रस्त्यावर लष्कराची चौकी आहे. तिथे बस थांबते, शिपाई आत चढतो आणि चेहऱ्यांवरून नजर फिरवतो. माझ्यासारख्या गव्हाळ बाईला तो अदबीने "बसा, दोन्या" म्हणतो. मोनसारख्या काळ्या माणसाला म्हणतो, "खाली उतर." खाली उतरून कागद दाखवता आला नाही की पिंजऱ्याचा ट्रक, आणि ट्रक थेट सीमेवर. त्यामुळे मोन सहा वर्षं चौकीपलीकडे गेलाच नव्हता. चांगली चांगली लग्नं हातची गेली. दुसरा ढोलवाला घेऊन मी एकदा सान्तियागोला वाजवून आले, तर नवरीच्या आईने विचारलं, "आज तुमची तब्येत बरी नाही का?"

मग आमचं खेचराचं गाणं गाजलं. नगराध्यक्षाचं खेचर मतपेटी खातं, असं ते गाणं. एका केशकर्तनालयाच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड केलं होतं, त्यात मध्येच केस वाळवायच्या यंत्राचा आवाजही येतो. पण पहिल्या बारा ठोक्यांत मोनने जे काही करून ठेवलंय, त्याने अख्खा देश वेडा झाला. गाड्यांत तेच, दुकानांत तेच, अंत्ययात्रेहून परतणाऱ्यांच्या ओठांवर तेच. आणि जे गाणं सगळे गुणगुणतात त्यात राष्ट्र असलंच पाहिजे, असं सरकारला वाटू लागलं.

जानेवारीतल्या एका सकाळी माझ्या अंगणात लिसेन्सियादो, म्हणजे पदवीवाले, रादामेस पिचार्दो अवतरले. राष्ट्रीय ताल आयोगाचे सचिव. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, काखेत फाइल, कपाळावर घाम.

"दोन्या क्रुसिता, तुमच्या संगीतात अख्खं राष्ट्र आहे!"

"आधी बसा," मी म्हटलं. "कॉफी घ्या. राष्ट्र काय, पळून जात नाही."

आम्ही त्यांना खेचराचं गाणं वाजवून दाखवलं. साहेब टाळ्या वाजवत होते. प्रत्येक टाळी ठोक्याच्या अलीकडे किंवा पलीकडे पडत होती, ठोक्यावर एकही नाही. एवढा अचूक बेताल माणूस मी जन्मात पाहिला नाही. बिएन्वे तर झोपेतून जागा झाला.

"आमचा आयोग अस्सल वाद्यांना शुद्धतेचा दाखला देणार आहे," साहेब म्हणाले. "सत्तावीस फेब्रुवारीला, स्वातंत्र्यदिनी, राजधानीत सोहळा. मंत्रीसाहेबांच्या हस्ते. आपल्या मेरेंगेत आपलं रक्त आहे, बरं का. अकॉर्डियन म्हणजे आपला युरोप. ग्विरा म्हणजे या बेटाचे मूळचे तायनो लोक."

"आणि ढोल?" बिएन्वेने विचारलं.

साहेबांनी कॉफीचा घोट घेतला, मग आणखी एक घेतला. "ढोलाबाबत संशोधन सुरू आहे. माझ्या प्रबंधाप्रमाणे ढोल स्पेनच्या दक्षिणेकडच्या मेंढपाळांकडून आला."

"मेंढपाळ ढोल वाजवतात?" बिएन्वे म्हणाला. "मेंढ्या पळून जात नाहीत?"

मोन भिंतीला टेकून उभा होता. खाली बघून हसला. माझ्या अकॉर्डियनवर जर्मनीच्या कारखान्याचं नाव कोरलेलं आहे, ते आगबोटीतून आलं, आणि त्याला कुणी तपासणीसाठी ड्रॉवरमध्ये ठेवलं नाही. पण हे मी मनातच म्हटलं, कारण माझ्या डोक्यात वेगळंच शिजत होतं.

"साहेब," मी म्हटलं, "दाखला वगैरे ठीक आहे. पण आमच्या ढोलवाल्याचं कार्ड अडकलंय, सहा वर्षं."

"एवढंच ना? मंत्रीसाहेबांशी माझं रोजचं बोलणं. ढोलाचा दाखला होऊ द्या, मग एक फोन करतो. ज्याचा ढोल राष्ट्राचा, त्याचं कार्ड कोण अडवणार?"

साहेब गेल्यावर मोन म्हणाला, "कोमाद्रे, मला हे काही बरोबर वाटत नाही. मोठ्या लोकांच्या नजरेत न आलेलंच बरं."

"सहा वर्षं नजरेआड राहून काय मिळालं तुला? आता तूच बघ. मंत्र्याच्या हस्ते म्हणतोय तो."

"तू म्हणतेस म्हणून," तो म्हणाला.

मी म्हणते म्हणून. हे शब्द अजून माझ्या कानात आहेत.

अर्ज अकरा पानांचा होता. साहेब तो भरून घ्यायला पुन्हा आले, सोबत सरकारी पशुवैद्य. ढोलाचं खोड कुठल्या झाडाचं, कड्याची वेल कुठल्या रानातली, सगळं लिहून झालं. मग कातड्यांवर गाडी आली. आमच्या ढोलाच्या एका तोंडाला बोकडाचं कातडं लागतं आणि दुसऱ्याला अजून व्यायली नाही अशा बकरीचं. बोकडाचं काठी सोसतं, बकरीचं हाताला बोलतं. मोन कातडी घ्यायचा मोन्तेक्रिस्तीच्या माझ्या मामाकडून, म्हणून मामालाही बोलावलं होतं.

"बोकड कुठे जन्मला?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या गोठ्यात," मामा म्हणाला.

"आणि बकरी?"

मामा खरं बोलणारा माणूस. वय ऐंशी, आता सवय कशी मोडणार? "तिची आई मी दाहाबोनच्या शुक्रवारच्या बाजारातून आणली. पलीकडच्या माणसाकडून. गाभण होती. पण व्यायच्या आधी एकदा पळून परत पलीकडे गेली आणि चार दिवसांनी पिल्लू घेऊन आली. आता ते पिल्लू सीमेच्या नदीच्या या काठी झालं की त्या काठी, मला काय ठाऊक?"

मी मामाच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. साहेबांचं पेन थांबलं. पशुवैद्याने घसा साफ केला.

"साहेब, तांत्रिकदृष्ट्या बघू. ही बकरी खायची काय?"

"रानातला ओरेगानो," मामा म्हणाला. "आमच्याकडे दुसरं आहे काय?"

"मग प्रश्नच मिटला. ओरेगानो खाऊन वाढलेली, म्हणजे मांस आपलं, कातडं आपलं. जनावर जिथे चरलं तिथलं."

"सुरेख!" साहेबांनी लिहून टाकलं. जन्मस्थान मोन्तेक्रिस्ती, राष्ट्रीयत्व डोमिनिकन. मेलेल्या बकरीला अडीच मिनिटांत राष्ट्रीयत्व मिळालं. खिडकी नाही, ड्रॉवर नाही.

मला राहवलं नाही. "साहेब, आमचा मोनही इथेच चरतोय हो. सेहेचाळीस वर्षं. भात, राजमा, तळलेली केळी. ओरेगानोसुद्धा खातो."

"दोन्या," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "बकरी वेगळी, माणूस वेगळा."

शेवटच्या पानावर रकाना होता, वादकाचे गुरू. मोनने स्वतःच्या हाताने लिहिलं, सादियेल पिए, वडील. सादियेलला मी पाहिलंय. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात मजूरवस्तीतल्या मिरवणुकीत तो पुढे असायचा, गळ्यात ढोल, अंगावर फाटका सदरा. पाच वर्षांच्या मोनला तो तेलाच्या उपड्या डब्यावर बसवून त्याचे दोन्ही तळवे धरायचा आणि पत्र्यावर आपटायचा. खेचराच्या गाण्यातले ते बारा ठोके तिथले आहेत.

साहेबांनी ते नाव वाचलं आणि रबराने हळूच खोडलं. "हे नाव मेंढपाळांशी जुळत नाही. इथे आपण असं करू." आणि त्यांनी लिहिलं, लोकपरंपरा.

मोन त्या रकान्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हो म्हण म्हणून. त्याने सही केली. त्या दिवशी माझ्या कोम्पाद्रेचा बाप लोकपरंपरा झाला, आणि मी मूग गिळून बसले.

पंधरा दिवसांत दाखला आला. ढोलाचा फोटो, शिक्का, मंत्र्याची सही, आणि खाली एक ओळ: सदर वाद्य राष्ट्रीय संपत्ती असून वाद्य व त्यासोबतच्या वादकाच्या प्रवासात कोणत्याही अधिकाऱ्याने अडथळा आणू नये. कार्डाचा फोन तेवढा आला नव्हता. "सोहळ्याची धावपळ आहे हो," साहेब म्हणाले. "सत्तावीस होऊ द्या."

राजधानीला निघालो तेव्हा चौकीवर बस थांबली. शिपाई चढला, थेट मोनपाशी गेला.

"कागद."

मोनने ढोलाचा दाखला पुढे केला. शिपायाने तो वाचला, उलटला, पुन्हा वाचला. फोटो बघून ढोलाशी ताडून पाहिला. माणसाशी ताडायचं काही कारणच नव्हतं.

"वाजव," तो म्हणाला.

मोनने ते बारा ठोके वाजवले. बस डुलायला लागली, मागच्या सीटवरची म्हातारी उभी राहिली. शिपायाने टाचा जुळवून सलाम ठोकला. ढोलाला. "जाऊ द्या यांना!" माझ्या आजोबांच्या काळी याच भागात हैतीचा कोण ते ओळखायला माणसाला एक शब्द उच्चारायला लावायचे आणि त्यावरून त्याला मारायचं की सोडायचं ते ठरायचं. आता ढोल वाजवायला लावतात. प्रगती झाली नाही असं कोण म्हणेल?

सोहळ्यात मंत्रीसाहेब चाळीस मिनिटं बोलले. "हा ठेका आपल्या रक्तात आहे! ज्याचे पाय या ठेक्यावर हलत नाहीत तो आपला नव्हे!" पहिल्या रांगेत पिचार्दोसाहेब बेताल टाळ्या वाजवत होते, त्यांना बाहेर काढावं असं कुणाला सुचलं नाही. मोनच्या गळ्यात पदक आलं. नंतर मी साहेबांना गाठलं. फाइल पुढे सरकली आहे, म्हणाले.

त्यानंतरचे तीन महिने मोन ढोल घेऊनच हिंडला. दात काढायला माव गावाला गेला, ढोल बरोबर. युलेसीच्या शाळेत पालकांच्या सभेला गेला, ढोल मांडीवर. बायको निनिनला घेऊन सान्तियागोच्या मोठ्या दवाखान्यात गेला तेव्हा डॉक्टरने विचारलं, "आजारी कोण आहे?" दर चौकीवर दाखला, दर चौकीवर बारा ठोके. शिपाई त्याला नावाने ओळखायला लागले. नाव म्हणजे 'ढोल'. "ढोल आला रे, जाऊ दे!"

"कोमाद्रे," तो हसून सांगायचा, "मी या ढोलाचं सामान आहे. पण सामान तर सामान, फिरायला मिळतंय." त्या तीन महिन्यांत मी त्याला जितकं हसताना पाहिलं, तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं. आणि मी मूर्ख, स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

जूनमध्ये पिचार्दोसाहेब मोटार घेऊन आले. आयोगाने ठरवलं होतं की अशी अमूल्य वस्तू खेड्यातल्या धुळीत ठेवणं बरं नव्हे. ढोल राजधानीच्या संग्रहालयात जाणार. काचेच्या पेटीत.

"पण मी वाजवू काय?" मोनने विचारलं.

"नवा बनवा की! तुमच्या हातात कला आहे."

"आणि दाखला?"

"दाखला ढोलाचा आहे, मोन. ढोलाबरोबरच जाणार."

"माझं कार्ड?"

"फाइल—"

"सरकली आहे," आम्ही तिघंही एकदम म्हणालो. साहेबांना ते आवडलं नाही.

मोनने ढोल पुसला, तोंडांवरून हात फिरवला, आणि मोटारीच्या मागच्या सीटवर स्वतः नेऊन ठेवला. अडवणार कसा? राष्ट्रीय संपत्ती होती ती, आणि तो कुणीच नव्हता.

नव्या ढोलाला कातडी हवी होती. मी म्हटलं, मी मामाकडून घेऊन येते. मोन म्हणाला, "कातडं मलाच बघावं लागतं, कोमाद्रे. बोटांनी दाबून. तुला नाही कळणार." सोमवारी सकाळी तो मोन्तेक्रिस्तीच्या बसमध्ये चढला. तिकडच्या रस्त्यालाही चौकी आहे.

काय झालं ते बसच्या वाहकाने संध्याकाळी माझ्या अंगणात उभं राहून सांगितलं. शिपाई नवा होता. कागद मागितला. मोन म्हणाला, मी तो खेचराच्या गाण्यातला ढोलवाला. शिपाई हसला. तेवढ्यात त्याच्या चौकीतल्या रेडिओवर तेच गाणं लागलं, म्हणाला वाहक, आईशप्पथ. मोनने रेडिओकडे बोट दाखवलं, "हे हात माझे आहेत." शिपाई म्हणाला, "सगळे असंच म्हणतात." मग मोनने बसच्या पत्र्यावर बारा ठोके वाजवले. लोक टाळ्या वाजवायला लागले. शिपायाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "छान. ढोल कुठे आहे? ढोलाचा कागद?" दुपारी पिंजऱ्याचा ट्रक निघाला तेव्हा मोन त्यात उभा होता. पदक घरी खिळ्याला टांगलेलं होतं. असतं तरी काय झालं असतं म्हणा.

मी दुसऱ्या दिवशी राजधानी गाठली. पिचार्दोसाहेबांनी मला प्रेमाने संग्रहालय दाखवलं.

"बघा, दोन्या, चोवीस तास वातानुकूलित! कातड्याला जराही धोका नाही."

"साहेब, मोनला पलीकडे टाकलंय. त्या माणसाला तिथली भाषा येत नाही. त्याचं तिथे कुणी नाही."

"फार वाईट झालं," ते म्हणाले, आणि खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. "पण तो विषय दुसऱ्या खात्याचा. आमच्याकडे फक्त ताल. आणि वाजवणाऱ्याची काळजी करू नका, संगीत विद्यालयातले एक प्राध्यापक तुमच्या त्रिकुटात बसवून देतो. नोटेशन वाचतात."

काचेवर पाटी होती. ढोल, डोमिनिकन, अस्सल. बोकड आणि बकरी, मोन्तेक्रिस्ती. बनवणारा: लोकपरंपरा. बापाच्या मागोमाग पोरगाही परंपरेत जमा झाला होता.

मी त्या माणसाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पहारेकऱ्याने मला दंडाला धरून बाहेर काढलं, आणि दारात हळूच म्हणाला, "दोन्या, खेचराचं गाणं फार छान आहे हो तुमचं." परतीच्या बसमध्ये मी चारशे वेळा त्या अर्जाचं शेवटचं पान आठवलं. हो म्हण, म्हणून मान मीच हलवली होती.

दाहाबोनला सोमवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो. त्या दिवशी सीमेवरच्या पुलाचं फाटक उघडतात, पलीकडची माणसं येतात, लसूण, जुने कपडे, बादल्या विकतात, आणि दुपारी चारला त्यांना मोजून-मापून परत हाकलतात. बाजाराच्या पलीकडे एक पाऊल टाकायचं नाही. वाहकाकरवी निरोप फिरवला होता. शुक्रवारी मी मामाकडून दोन कातडी आणि वेलीचं कडं घेऊन पुलापाशी उभी राहिले.

मोन गर्दीतून आला. सदरा तोच, बसमध्ये चढतानाचा. वाळला होता. मला बघितलं आणि आधी माझ्या मागे बघितलं.

"पोरीला नाही आणलंस?"

"चौकी आहे ना मध्ये. तिचाही कागद कुठे केलाय त्यांनी?"

"बरं केलंस." आणि मग तिथेच, लसणाच्या पोत्यांमध्ये, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मीही रडले. मी म्हटलं, "कोम्पाद्रे, चुकलं रे माझं." तो म्हणाला, "तू काय केलंस? तू फक्त सरकारवर विश्वास ठेवलास." नाक पुसलं, कातडी हातात घेतली, बोटांनी दाबली. "बकरी चांगली आहे. बोकड म्हातारा निघाला."

"जेवतोस कुठे? राहतोस कुठे?"

"पलीकडे वानामेन्त गावात, एका लोहाराच्या पडवीत. पहिले दोन दिवस नुसत्या खुणा करत होतो, मुक्यासारखा. तिसऱ्या दिवशी त्याच्या बादलीवर जरा बोटं वाजवली. तर गल्ली गोळा झाली गं. एक म्हातारी विचारते, हा कोण? लोहार काय म्हणाला माहीत आहे? इथल्या बाजारात येणाऱ्या एका पोराने मला आपल्या भाषेत सांगितलं. म्हणाला, हा पान्योल आहे, स्पॅनिशवाला, पलीकडचा. ऐका की, डोमिनिकन असल्याशिवाय असं मेरेंगे येतंय का कुणाला!" मोन हसायला लागला, डोळ्यांतलं पाणी तसंच. "आता सगळे पान्योलच म्हणतात मला. रविवारी लग्नात वाजवायला बोलावलंय. अस्सल डोमिनिकन ढोलवाला म्हणून. कागद नाही मागितला कुणी."

 सहा वर्षं ज्या शब्दासाठी हा माणूस खिडक्यांसमोर उभा राहिला, तो त्याला मिळाला होता.

"शेवटी झालो बघ मी डोमिनिकन," तो म्हणाला. "फक्त पूल ओलांडावा लागला."

चार वाजता शिट्ट्या सुरू झाल्या. माणसं पोती डोक्यावर घेऊन पुलाकडे पळायला लागली. मोनने कातडी काखेत मारली, कडं खांद्यात अडकवलं. "निनिनला सांग, मी बरा आहे. पोरीला सांग, ढोल बनवतोय." मी त्याचा हात सोडेना, तेव्हा आमच्या शिपायाने काठी मध्ये घातली आणि त्याला पाठीत ढोसलं, "ए हैतीवाल्या, चल, चल, पलीकडे हो!"

पुलाच्या त्या टोकाला त्यांचा फाटकवाला उभा होता. त्याने मोनला ओळखलं, हात उंच केला आणि हसत ओरडला, "ए पान्योल! ये लवकर, फाटक लावतोय!"

मोनने मान वर केली आणि त्या हाकेला ओ दिली.